बदली नको, रजा टाका

वाचकाचा प्रश्न

खारघरला राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी करतात, माहेर चिपळूणचे. काही वर्षांपूर्वी बदली झाल्यावर त्या मुलाला घेऊन शिलाँगला गेल्या. ठरलेली मुदत संपत आल्यावर इतर सहकारी परतीच्या आदेशाची वाट पाहत होते, तर यांनी स्वतःहून मुदतवाढ मागून घेतली आणि एकूण सहा वर्षे तिथे काढली. लैतुमख्रा भागात एका खासी कुटुंबाच्या घरात, वरच्या मजल्यावर, त्या भाड्याने राहत असत. घरमालकीण बाईंना त्या तिकडच्या रिवाजाप्रमाणे ‘काँग’, म्हणजे ताई, म्हणतात. त्या काळात पती आणि सासूबाई खारघरलाच होत्या. अडीच वर्षांपूर्वी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्या परतल्या. तेव्हापासून शिलाँगची ओढ कमी होण्याऐवजी वाढतच गेली आहे. घरात तो विषय निघाला की पती उठून जातात. तिथल्या मैत्रिणींचे निरोप आखडत आखडत एका शब्दावर आले आहेत. इथे अडीच वर्षांत एकही मैत्रीण झालेली नाही. आता शिलाँगच्या कार्यालयात एक जागा रिकामी होत आहे आणि त्याच सुमारास, नोव्हेंबरमध्ये, काँगच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रणही आले आहे. त्या विचारतात: ‘लग्नाला गेले तर खपली निघेल, म्हणून जाऊ नये असे वाटते. त्यापेक्षा सरळ बदली मागावी का? की हे खूळ डोक्यातून काढून टाकून शिलाँग कायमचे विसरावे?’

उत्तर

ताई,

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर आधी देते, कारण रजेचा अर्ज वेळेत जायला हवा. लग्नाला जा. बदलीचा अर्ज मात्र या वर्षी करू नका. आणि विसरण्याचा जो तिसरा पर्याय तुम्ही पत्राच्या शेवटी वैतागून लिहिलेला दिसतो, त्यावर आपण दोघींनीही वेळ घालवू नये, हे बरे.

माझी ही दोन मते तुम्हाला उलटी वाटतील, कारण तुमचा हिशेब नेमका याच्या विरुद्ध आहे: आठ दिवस गेले तर त्रास होईल आणि कायमचे गेले तर सगळे भरून येईल. हा हिशेब कुठे चुकतो ते तुमच्याच पत्रातून दाखवण्याचा मी प्रयत्न करते. पत्र आठ पानांचे आहे आणि तुम्ही त्यात शिलाँगबद्दल बरेच काही लिहिले आहे; मी ते दोनदा वाचले, दुसऱ्यांदा वाचताना फक्त तुम्हाला जे क्षण सर्वांत जास्त आठवतात त्यांच्याखाली रेघ ओढत गेले, आणि त्या रेघांनीच मला पुढचे उत्तर सुचवले.

तुम्ही म्हणता की तिथल्या पावसाला माया होती. शिलाँग म्हटले की लोकांना चेरापुंजी आठवते, पण चेरापुंजी तिथून दक्षिणेला, बांगलादेशाच्या मैदानाकडे तोंड असलेल्या कड्यावर आहे. तिथे ढग मोकळे होतात आणि मागच्या बाजूच्या शिलाँगला पोहोचेपर्यंत त्यांच्यातले बरेच पाणी संपलेले असते. शिलाँगचा पाऊस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो खरा, पण आपल्या खाडीकाठच्या पावसापेक्षा तो काही फार निराळा नाही. तो पाऊस तुम्ही काँगच्या स्वयंपाकघरात, कोळशाच्या शेगडीजवळ पाय पोटाशी घेऊन बसून ऐकलात, आणि इथला पाऊस तुम्हाला भेटतो तो वाशी आणि मानखुर्दच्या मध्ये, खाडीपुलावर थांबलेल्या लोकलमध्ये, एका हातात ओली छत्री आणि दुसऱ्या हातात वरची कडी धरून उभे असताना. माया पावसाला कुठून येणार? ती शेगडीभोवतीच्या माणसांत होती.

आता मी ज्याखाली रेघ ओढली तो सर्वांत मोठा परिच्छेद पाहा. तो हिवाळ्यातल्या पाणीटंचाईचा आहे. पावसाळ्यात न्हाऊन निघणाऱ्या त्या गावात जानेवारी-फेब्रुवारीत नळ कोरडे पडतात, हे बाहेरच्यांना खरे वाटत नाही. तुम्ही लिहिले आहे की पहाटे अंधारात टँकरचा आवाज आला की काँग खालून जिन्यावर काठी आपटत असे, मग तुम्ही स्वेटरवर शाल गुंडाळून खाली उतरत असा, बादल्या संपल्या की पत्र्याचे तेलाचे डबे लावत असा, मुलाच्या हातात त्याच्या मापाची लहान बरणी असे, आणि सगळे भरून झाले की त्याच पाण्यातला पहिला चहा तिच्याकडे होत असे. दुधाशिवायचा लाल चहा, सोबत तांदळाचा वाफवलेला पुमालोई. अडीच वर्षे जिच्यासाठी तुमचा जीव तुटतो ती आठवण नळाला पाणी नसण्याची आहे, ताई! बाकीच्या रेघाही अशाच ठिकाणी पडल्या आहेत. काँगच्या निवृत्तिवेतनाचे कागद तुम्ही भरून दिले. तुम्हाला कार्यालयात उशीर झाला की मुलाला तिने जेवू घातले. तुम्ही डुकराचे मांस खात नाही म्हणून तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात कोंबडीचे जादोह, म्हणजे तिकडचा मांस घालून केलेला भात, शिजवले गेले. वॉर्ड्स लेक, देवदारांसारखी उंच पाइनची झाडे, उमियमचे निळे पाणी यांच्यावर तुम्ही एकेक ओळ लिहून पुढे गेला आहात.

यावरून मला दिसते ते असे की, तुमची तिथली मैत्री गप्पांवर उभी नव्हती, ती एकमेकींच्या कामांवर उभी होती. तुम्ही निघालात तेव्हा ती कामे संपली, आणि आता उरलेला सगळा भार मोबाइलवरच्या शब्दांवर येऊन पडला आहे. शब्दांना तो झेपत नाही, यात तुमचा किंवा मैत्रिणींचा दोष नाही. तेव्हा ‘त्यांची माया आटली’ या तुमच्या पहिल्या गृहीतकाकडे जरा थांबून पाहू.

काँग तुमच्याशी बोलत असे ती अर्धी हिंदी, अर्धी खासी आणि बाकी हातवारे. खासी रोमन लिपीत लिहिली जाते, मराठी-हिंदीच्या कुळाशी तिचा संबंध नाही, आणि तुमच्याच सांगण्याप्रमाणे तुम्हाला ती बोलण्यापुरती येते, लिहिता येत नाही. म्हणजे तुमचा मराठीत विचार करून हिंदीत लिहिलेला लांबलचक निरोप काँगच्या मुलीने वाचायचा, आईला खासीत सांगायचा, आईचे उत्तर ऐकायचे आणि ते पुन्हा तुमच्यासाठी इंग्रजी-हिंदीत टंकायचे. एवढ्या खटाटोपातून ‘खुब्लेई’, म्हणजे धन्यवाद, एवढा शब्द आणि एक हसरे चित्र तुमच्यापर्यंत पोहोचत असेल, तर ते मी थंडपणाचे लक्षण मानणार नाही. शिवाय एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नाही असे वाटते. शिलाँग हे राजधानीचे, लष्कराचे आणि केंद्रीय कार्यालयांचे गाव आहे. तिथले घरमालक दर दोन-तीन वर्षांनी माणसे येताना आणि जाताना पाहतात. तुमच्या आधी त्या वरच्या मजल्यावर कितीतरी कुटुंबे राहून गेली असतील, प्रत्येकाने जाताना डोळे पुसले असतील, ‘पुन्हा येऊ’ म्हटले असेल, आणि बहुतेक आली नसतील. अशा माणसांना निरोपानंतर जास्त गुंतायचे नसते, हे मला अगदी समजण्यासारखे वाटते. आणि तरीही तिने तुम्हाला मुलीच्या लग्नाला बोलावले आहे. तुम्ही ‘पुन्हा येऊ’ म्हणून न येणाऱ्यांपैकी आहात की नाही, हे तिला या नोव्हेंबरमध्ये कळणार आहे.

दुसरे गृहीतक तुमच्या यजमानांविषयीचे. ‘शिलाँगचे नाव काढले की ते उठून जातात, त्यांना माझ्या भावनांची किंमत नाही,’ असे तुम्ही म्हणता. एक क्षण त्यांच्या जागी बसून पाहा. तुमच्यासाठी शिलाँग म्हणजे सहा वर्षांचे भरलेले घर. त्यांच्यासाठी शिलाँग म्हणजे सहा वर्षांचे रिकामे घर. मुलगा सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत वाढला, त्याचे दुधाचे दात पडले, तो सायकल शिकला, पहिल्यांदा फुटबॉलच्या संघात खेळला, आणि हे सगळे त्यांनी फोनवर ऐकले. मुदतवाढ तुम्ही मागितलीत. ती मागताना त्यांना विचारले होते का, हे पत्रात नाही, म्हणून मी त्यावर बोलत नाही. पण ‘तिथे आम्ही किती सुखात होतो’ हे तुमचे वाक्य त्यांच्या कानावर ‘तुमच्यावाचून आम्ही किती सुखात होतो’ असे पडत असले, तर माणूस उठून जाणार नाही तर काय करील?

म्हणून लग्नाचा विषय त्यांच्याकडे काढण्यापूर्वी एक संध्याकाळ फक्त त्यांच्या सहा वर्षांसाठी ठेवा. एकट्याने आईचे कसे केले, सणावाराला काय जेवले, मुलाची आठवण आली की काय करत असत, हे विचारा आणि मध्ये शिलाँग आणू नका. ‘तुम्हीही आला असतात तर’ हे वाक्य तर मुळीच नको. या एका संध्याकाळीने सगळे सुरळीत होईल असे मी म्हणत नाही, परंतु घरातल्या ज्या माणसाने त्या गावाची किंमत मोजली त्याचे आधी ऐकून घेतले, तर त्या गावाचे नाव घरात घेता येऊ लागेल.

मुलाविषयी फार लिहीत नाही. ‘तो इथे छान रमला, त्याला काहीच वाटत नाही,’ असे तुम्ही म्हणता. चौदा वर्षांचा मुलगा आईची अवस्था पाहून आपले वाटणे मागे ठेवतो, एवढे लक्षात असू द्या आणि त्याला लग्नाला यायचे आहे का, हे विचारा.

तिसरे गृहीतक मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण परगावाहून परतलेल्या बहुतेकांच्या मनात ते असते: ‘तिथल्या लोकांनी मला आपले मानले, इथले लोक मानत नाहीत.’ तिथे तुम्ही काय काय केले होते ते आठवा. पहिल्या दोन महिन्यांत गिनती शिकलात, भाजीवालीशी खासीत घासाघीस करू लागलात, शेजारच्या घरातल्या अंत्यविधीला चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलात, इयूदुहच्या बाजारातल्या वाटा पाठ केल्यात, कोणी क्वाय, म्हणजे पान-सुपारी, पुढे केली तर खात नसतानाही हातात घेऊन मान राखलात. परके होतो म्हणून एवढे कष्ट घेतले. खारघरला आल्यावर मात्र, आपल्याच माणसांत आलो, आता वेगळे काही करावे लागणार नाही, अशी समजूत करून तुम्ही लोकलमध्ये कानात हेडफोन घालून बसलात. ज्या महिलांच्या डब्यातून तुम्ही रोज दोन-अडीच तास प्रवास करता, तिथे हार्बरच्या बायका मटार सोलतात, एकमेकींच्या मुलींची स्थळे जुळवतात, नवरात्रात रंग ठरवून साड्या नेसतात, कोणी आजारी पडली तर तिच्या घरी डबा पोहोचवतात. त्यांचे गट घट्ट असतात आणि नव्या बाईला जागा चटकन मिळत नाही, हेही खरे. पण शिलाँगच्या पाण्याच्या रांगेत तरी तुम्हाला पहिल्या दिवशी कोणी जागा दिली होती?

जाता जाता आणखी एक. तुम्हाला लैतुमख्रातल्या गल्ल्यांची नावे आजही तोंडपाठ आहेत. तुमच्या सेक्टरच्या जागी आधी कोणत्या गावाची भातशेती होती, हे ठाऊक आहे का? सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. बेलपाडा, कोपरा, ओवे, मुर्बी ही गावे अजून तुमच्या आजूबाजूला, उंच इमारतींच्या मध्ये, आहेत. तुम्हाला मासळी विकणाऱ्या आगरी मावशी कदाचित त्यातल्याच एखाद्या गावच्या असतील. त्या कुठेही गेल्या नाहीत आणि तरी त्यांचे शेत, मिठागर, खाडीची वाट डोळ्यांदेखत गेली. दूर राहिलेल्या गावाबद्दल त्यांच्याशी बोलून पाहा. मला वाटते, तुमचे बोलणे त्यांना तुमच्या कार्यालयातल्या कोणाहीपेक्षा लवकर कळेल.

आता बदलीचा विचार करू. मी तो मोडीत काढत नाही. कोणी सांगेल की संसार सोडून पुन्हा तिकडे जाणे हा वेडेपणा आहे. मी तसे म्हणणार नाही, कारण एखाद्या गावी माणसाचे चित्त लागते आणि त्या गावी राहावेसे वाटते, यात वेडेपणा काही नाही. प्रश्न फक्त असा आहे की बदली होऊन तुम्हाला काय मिळेल. तुमच्या पाच मैत्रिणींपैकी एक गुवाहाटीला गेली, एक कोचीला परतली, एक निवृत्त होऊन सिल्चरला राहते, हे तुम्हीच लिहिले आहे. उरल्या दोघी आणि काँग. काँगच्या वरच्या मजल्यावर आता दुसरे भाडेकरू आहेत. मुलगा पुढच्या वर्षी दहावीत जाईल, म्हणजे तो बरोबर येणार नाही, आणि आला तर मधल्याच वर्षी शाळा आणि अभ्यासक्रम बदलण्याचा भुर्दंड त्याला पडेल. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. म्हणजे तुम्ही ज्या शिलाँगला परत जाऊ पाहता, त्यात मुलगा होता, पाचही जणी होत्या, वरचा मजला होता. आणि बदलीच्या आदेशावर जे शिलाँग मिळेल त्यात तुम्ही संध्याकाळी एकट्या खोलीवर परताल आणि खारघरच्या काळजीने फोन हातात धरून बसाल. तेव्हा तुम्हाला खारघरची ओढ लागेल, अशी मला शंका आहे.

मुलाची बारावी झाल्यावर हा विचार पुन्हा करायला हरकत नाही. तेव्हा सेवेची बारा-तेरा वर्षे शिल्लक असतील, यजमानांशी मोकळेपणी बोलता आले असेल, आणि मधल्या काळात तुम्ही दरवर्षी तिकडे जात राहिला असाल तर तुमचा निर्णय आठवणींवर न होता, आजच्या शिलाँगवर होईल.

‘दरवर्षी’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. तुम्ही चिपळूणही सोडले आहे, ताई. वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आलात. वाशिष्ठी, आईचे घर, शाळेतल्या मैत्रिणी, सगळे मागे राहिले. आठ पानी पत्रात चिपळूणविषयी एकच ओळ आहे: ‘गणपतीला आणि जमेल तेव्हा शिमग्याला जाते.’ त्या गावासाठी जीव तुटत नाही, कारण तिथे जाण्याचा दिवस ठरलेला आहे. माहेरवाशिणीला कोणी विचारत नाही की तू सासरची की माहेरची. ती सणाला येते, चार दिवस राहते, भांडी घासायला बसते, आईने बांधून दिलेले घेऊन परत जाते आणि पुढच्या वेळेची वाट पाहते. आपल्या आज्या-पणज्यांनी दोन ठिकाणी जीव असण्याची ही रीत चांगली घालून दिली आहे. शिलाँग तुमचे दुसरे माहेर आहे, आणि तुम्ही ते मान्य न करता स्वतःला दोनच दारे ठेवली आहेत: एक कायमचे आत जाण्याचे, दुसरे कायमचे बंद करण्याचे.

योगायोगाने लग्न आहे ते धाकट्या मुलीचे. खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि आईचे घर परंपरेने सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते, हे तुम्ही तिथे राहून जाणताच. इतर भावंडे लग्नानंतर आपापल्या ठिकाणी जातात. धाकटी मात्र घर सोडत नाही, तिचा नवरा तिच्याकडे येऊन राहतो, म्हाताऱ्या आईबापाचे ती करते, आणि कुटुंबातल्या कार्याला सगळे जण तिच्या घरी गोळा होतात. म्हणजे ज्या मुलीने तुमचे निरोप वाचून आईला सांगितले, ती पुढची कित्येक वर्षे त्या घराचे दार उघडे ठेवणार आहे. तिच्या लग्नाला न जाता, ते घर पुढे आपले राहील, असे धरून चालता येणार नाही.

खर्चाची आणि रजेची बाब. तुम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत आहात आणि सेवापुस्तकात मूळ गाव म्हणून चिपळूण नोंदवले आहे, असे पत्रावरून दिसते. मूळ गावी जाण्याच्या एलटीसीऐवजी, म्हणजे रजा प्रवास सवलतीऐवजी, ईशान्य भारतात जाण्याची मुभा केंद्राने कर्मचाऱ्यांना दिली आहे आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली आहे. विमानप्रवासाचीही तीत सोय असते. सध्या कोणता आदेश लागू आहे आणि तुमच्या गटवर्षांत कोणती सवलत शिल्लक आहे, हे आस्थापना शाखेत विचारा, आणि तिकीट त्यांनी सांगितलेल्या अधिकृत मार्गानेच काढा, नाहीतर देयक अडकते. मला या नियमाची गंमत वाटते: गावाऐवजी शिलाँगला जाते असे तुम्ही म्हटले तर सरकारचीही हरकत नाही.

मुंबईहून गुवाहाटी विमानाने तीन तासांच्या आसपास आहे, तिथून पुढे जोराबाट, नाँगपो, उमियम असा घाटरस्ता तुमच्या ओळखीचाच आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी पोहोचून दुसऱ्या दिवशी निघू नका. पाहुणीसारखे जाऊन पाहुणीसारखे परतलात तर खपली निघण्याची तुमची भीती खरी ठरेल. चार-पाच दिवस आधी जा. काँगला आत्ताच फोन करून सांगा की मला काम नेमून दे, आणि तो फोन ती स्वयंपाक करत असताना, चित्र दिसेल असा करा, म्हणजे हातवारेही चालतील. पाहुण्यांची यादी, भांडी, फुले, काय असेल ते. राहायला हॉटेल घेऊ नका. जागा नसेल तर तिच्याच ओळखीच्या घरी विचारा. आपल्या जुन्या खोलीत डोकावण्याचा आग्रह धरू नका. आणि तिथे गेल्यावर काही गोष्टी खुपतील: रस्त्यांवर गाड्यांची कोंडी वाढलेली असेल, ओळखीच्या दुकानाच्या जागी दुसरेच काही उभे असेल, दोघी मैत्रिणींच्या बोलण्यात तुम्हाला ठाऊक नसलेली नावे येतील. त्या नावांविषयी विचारा. तुम्ही नव्हता तेव्हाचे शिलाँगही त्यांच्याकडूनच कळणार आहे.

परत आल्यावरचे एक काम सुचवते, पण ते जबाबदारीचे आहे, म्हणून विचार करून घ्या. तुमच्या खारघरमध्येच टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोगावरील उपचार आणि संशोधनाचे केंद्र आहे, आणि परळच्या टाटा रुग्णालयाप्रमाणे तिथेही ईशान्येकडून रुग्ण येतात. शिलाँग ज्या जिल्ह्यात येते त्या पूर्व खासी हिल्समध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण देशात फार वरचे आहे; तंबाखू आणि सुपारी ही त्यामागची कारणे सांगितली जातात. तिकडच्या खेड्यातून प्रथमच मुंबई पाहणाऱ्या, हिंदी जेमतेम येणाऱ्या नातेवाइकाला औषधांच्या चिठ्ठीवरचे समजावून सांगणारे, रिक्षावाल्याशी बोलून देणारे, स्वस्त खोली कुठे मिळेल ते सांगणारे माणूस लागते, आणि नवी मुंबईत मोडकीतोडकी का होईना खासी बोलणारी मराठी बाई मला तरी दुसरी माहीत नाही. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन आपले नाव आणि येणाऱ्या भाषा नोंदवा. महिन्यातून दोन शनिवार देता येतील एवढेच सांगा आणि ते दोन शनिवार मोडू नका. स्वतःला एकटे वाटते म्हणून आजाऱ्यांकडे जाणे मला पसंत नाही. त्यांना उपयोग होत असेल तरच जावे, आणि उपयोग होत नसेल तर महिन्याभरात ते कळतेच.

तुमच्यासारखी पत्रे मला मस्कतहून, दुबईहून परतलेल्यांकडूनही येतात. त्यांची अडचण वेगळी आहे, कारण नोकरीबरोबर तिथे राहण्याचा परवाना संपतो आणि परत जायला घरच उरत नाही. पण त्यांचे तिथले मित्रही बहुधा परतलेलेच असतात. अशांनी गावाची वाट न पाहता माणसांकडे जावे. मस्कतचा शेजारी आज त्रिशूरला असेल, तर पनवेलला कोकण रेल्वेच्या गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उतरता येते. तिथेही मी हेच सांगेन की दिवस ठरवावा, ओणम म्हणा किंवा मुलाच्या वाढदिवसाचे निमित्त काढा, आणि जाताना काहीतरी काम घेऊन जावे. जुन्या फोटोंच्या गटावर सुप्रभात पाठवत राहण्याने, माझ्या पाहण्यात तरी, कोणाची ओढ शमलेली नाही.

आणि सासूबाई. तुमच्या आठ-नऊ दिवसांच्या गैरहजेरीत त्यांचे सगळे यजमानांवर टाकून जाऊ नका. ते त्यांनी सहा वर्षे केले आहे. दिवसा येणाऱ्या मदतनीस बाई आहेतच, त्या काळापुरती रात्रीचीही सोय करा, औषधांचे वेळापत्रक फ्रिजवर लावा, तुमच्या नणंदबाई डोंबिवलीला आहेत त्यांना चार दिवस येऊन राहण्याची विनंती तुम्ही स्वतः करा, नवऱ्याकडून करवू नका. हे सगळे ठरल्यावर मग यजमानांना तारीख सांगा. रजा दोन महिने आधी मंजूर झालेली बरी, कारण नोव्हेंबरमध्ये गुवाहाटीची तिकिटे महाग होतात आणि दिवाळीच्या आसपास तुमच्या शाखेत रजेसाठी रांग लागत असेलच.